क्लिफर्डच्या खिशातली वाफ

मी ई-सिगारेट बोलतेय. आवाज जरा बारीक येईल, कारण बॅटरी आता फार वेळ टिकत नाही. शिवाय मी जन्मापासून घाबरट आहे.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटात तारेची बारीक गुंडाळी बसवली, तिच्याभोवती कापसाची वात भरली आणि डोक्यावर द्रवाची छोटी टाकी चढवली. एका यंत्राने मला ओढून पाहिलं, चालते म्हणालं आणि खोक्यात घातलं. जहाजातून मी इंग्लंडला आले आणि नॉरफोक परगण्यातल्या एका इस्पितळात, तातडीच्या विभागातल्या कपाटात, पट्ट्यांच्या गठ्ठ्यांखाली जाऊन पडले.

कपाटातून दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. रुग्णवाहिका, कण्हणं, 'अजून किती वेळ?' माझ्या कितीतरी बहिणी घरोघरी गेल्या आणि आठवड्याभरात जुन्या किल्ल्यांबरोबर खणात पडल्या, हेही तिथेच कानावर आलं. तेव्हापासून मला खणाची धास्ती.

लोकांची सिगारेट सुटावी म्हणून आमचं वाटप करण्याचं काम टॅम्सिनकडे होतं. ती ना डॉक्टर, ना परिचारिका. वाट पाहत बसलेल्या माणसांपैकी कोण सिगारेट ओढतं ते विचारून त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसायची. 'सोडा' असं ती कधी म्हणाली नाही.

त्या दिवशी ती क्लिफर्ड लार्टरशेजारी बसली. आयुष्य खेकड्यांच्या होडीवर घालवलेला माणूस. आता घरामागच्या शेडमध्ये खेकडे उकडून, फोडून, त्यांचं मांस पुन्हा कवचात भरून दुकानांना द्यायचा. कवच निसटलं आणि सुरी डाव्या तळहातात गेली. टाके पडले होते, हातावर जाड पट्टी होती.

"मिस्टर लार्टर, याआधीची सिगारेट कुठं ओढलीत?"

"दारात. ओढू नका असं लिहिलंय ना, त्या पाटीखाली."

"सगळे तिथंच ओढतात. पाटीमुळे जागा पटकन सापडते."

तो हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला. टॅम्सिनने मला त्याच्या उजव्या हातावर ठेवलं.

"वाफ ओढायची? पोरी, मी काय किटली आहे?"

"किटली इतकी खोकत नाही."

तो मला उलटसुलट करत हळूच म्हणाला, "बेरिलची, माझ्या बायकोची, फुप्फुसं गेलीत. तिनं सिगारेट केव्हाच सोडली. गुरुवारी तिच्यासाठी घरी ऑक्सिजनचं यंत्र येतंय. बसवणारा म्हणाला, घरात कुणी ओढत असेल तर यंत्र ठेवणार नाही, भडका उडेल. आणि यंत्र नसेल तर तिला शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. मी सांगून टाकलं, आमच्याकडे कुणी ओढत नाही."

"आणि तुम्ही ओढता."

"आणि मी ओढतो."

टॅम्सिनने त्याला एका छोट्या यंत्रात फुंकायला लावलं. धुरातला विषारी वायू त्याच्या श्वासात किती आहे ते त्यावर दिसतं. आकडा वाईट होता. "आज थांबलात तर उद्याच तो खाली येईल," एवढंच ती म्हणाली. मग तिने मला उघडून दाखवलं. टाकी भरायची आणि वात भिजेपर्यंत थांबायचं. गरम चहा पितो तसं हळू ओढायचं. "आणि हे नीट ऐका. हिच्यातही ठिणगी आहे. ओढायची घराबाहेर, चार्जही घराबाहेरच करायची. बेरिल असतील तिथं न्यायचीच नाही. शुक्रवारी मी फोन करते."

त्याने मान डोलावली. दमलेला माणूस अशीच मान डोलावतो. मला तेव्हाच धडकी भरली.

घरी पोचलो तर बेरिल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सिगारेटी वळत होती. कागदात तंबाखू घालायचा, दोन बोटांत फिरवायचा, जिभेने कडा ओली करायची आणि डब्यात ठेवायचं. नवऱ्याचा दिवसभराचा साठा ती रोज सकाळी वळून ठेवायची. स्वतःची सुटली तरी हे सुटलं नव्हतं. जिना चढणं गेलं, स्वयंपाक गेला, बाजार गेला, बोटं तेवढी तिची तिच्यापाशी राहिली होती. आज नवऱ्याचा हात कापलाय म्हणून तिने जास्तच वळल्या होत्या.

"बेरिल, आता नको वळूस. सोडतोय मी."

"मागच्या वर्षीही सोडली होतीस. कोंबड्यांच्या खुराड्यामागं."

"या वेळी खरंच."

"मग मी दिवसभर काय करू? सीगल मोजू?" तिला धाप लागली. बोटं मात्र थांबली नाहीत.

टेबलावर डबा होता आणि त्याला खेटून मी. सांगा, भीती वाटणार नाही?

सुरुवातीला त्याने माझे हालच केले. टाकी भरली की लगेच ओढायचा. कोरडी वात जळायची, माझा घसा पोळायचा आणि त्याच्या तोंडात कडू कोळसा यायचा. "थू! याच्यापेक्षा बूट चघळलेला बरा," म्हणत तो डब्याकडे बघायचा. मग बाहेर, होड्या ओढून घेतात त्या उतारावर, त्याचा जुना सोबती नेव्हिल भेटायचा. होडी लागली की एकच सिगारेट दोघांनी अर्धी अर्धी ओढायची, असा त्यांचा तरुणपणापासूनचा रिवाज.

"काय रे क्लिफ, पावा वाजवायला शिकतोयस?" नेव्हिल म्हणाला. "ही घे, तुझी अर्धी. का आता मैत्रीही वाफेवर?"

मंगळवारी क्लिफर्डने मला ओढलं. बुधवारी नेव्हिलकडून अर्धी सिगारेट घेतली. मी खिशातच होते, मला सगळं कळलं.

गुरुवारी यंत्र आलं. बसवणाऱ्या माणसाने खोलीभर वास घेतला आणि विचारलं, "इथं कोण ओढतं?"

क्लिफर्डने खिशात हात घातला. "मी ओढायचो. खोटं बोललो होतो. आता ही आहे," म्हणत त्याने मला पुढे केलं.

त्या माणसाने मला नीट पाहिलं. "हीसुद्धा बाहेर. सगळं बाहेर. मी परत येणार आहे, न सांगता येईन. धुराचा वास आला तर यंत्र उचलून नेईन."

तो गेला. यंत्र घुमू लागलं. बेरिलच्या नाकाशी नळी होती. पुष्कळ दिवसांनी तिच्या ओठांना रंग आला. क्लिफर्ड तिच्याकडे बघतच राहिला. त्या आनंदात त्याने खिशातून मला काढलं आणि जिथे तो रोज फोन लावायचा, त्या बेरिलच्या खुर्चीमागच्या सॉकेटला मला जोडून चहा टाकायला गेला.

मी तापू लागले. तिची नळी उशीवरून घसरत घसरत माझ्याजवळ आली. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. माझा लाल दिवा तेवढा खिडकीच्या काचेत उमटला होता. बेरिलला तो दिसला.

"क्लिफ!"

त्यापुढे तिला श्वास पुरला नाही. तो धावत आला, त्याने तार उपटली आणि मला लांब धरून तो जमिनीवरच बसला.

"मी तुला जाळलं असतं, बेरिल."

"जाळलं नाहीस ना? ऊठ. खिडकी उघड."

तो उठला, खिडकी उघडली आणि तसाच शेडमध्ये येऊन मला खेकड्यांच्या कवचांच्या बादलीत फेकलं. "एक आग काढायची आणि दुसरी घरात आणायची," असं पुटपुटत होता.

नांग्यांच्या ढिगात मी पालथी पडले होते. खण नाही तर बादली. पण खरं सांगते, काळजी माझी नव्हती. मी नसले की त्याला डब्याचाच आधार. आणि डबा असला की ते यंत्र जाणार.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊनच शेडमध्ये आला. एक सिगारेट ओठांत धरली. पट्टी बांधलेल्या हातामुळे काडी नीट ओढता येईना. एक मोडली, दुसरी विझली. तेवढ्यात फोन वाजला. टॅम्सिन होती. त्याने फोन फळीवर ठेवला आणि झालेलं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तिला फेकलीत. मग आत्ता काय ओढताय?"

त्याने विझलेली काडी खाली टाकली. "अजून काही नाही. तोंडात आहे, पेटवलेली नाही."

"मिस्टर लार्टर, चुकलं ते जागेचं. जागा बदला. शेडमध्ये सॉकेट आहे?"

"आहे. खेकड्यांच्या हंड्यामागं."

"पाण्यापासून लांब, उंचावर फळी ठोका. आज ठोका."

त्याने सिगारेट ओठांतून काढली आणि मला बादलीतून उचलून पुसलं. मागच्या दारातून बेरिलची हाक आली. नळी तिथपर्यंतच पुरत होती. "क्लिफ, तो डबा आण इकडं."

तो घेऊन गेला. तिने झाकण उघडलं आणि आपल्याच हातांनी वळलेल्या सगळ्या सिगारेटी मोरीत ओतून वर पाणी सोडलं. मग म्हणाली, "आता ती वाफेची नळी कशी भरतात ते दाखव. तुला थांबता येत नाही, मला येतं. दिवसभर दुसरं करते काय मी?"

त्या दिवसापासून माझी बॅटरी शेडमधल्या फळीवर राहते आणि वातीसकट टाकी तेवढी घरात जाते. बेरिल ती भरते, वात भिजेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसते आणि मग दारातून नवऱ्याच्या हातात देते. माझी वात पुन्हा जळली नाही. यंत्रवाला न सांगता आला, वास घेतला, चहा पिऊन गेला. यंत्र घरातच आहे. द्रवातलं निकोटिन टॅम्सिनच्या सल्ल्याने दोनदा कमी झालं. नेव्हिल अजूनही अर्धी पुढे करतो.

म्हणूनच कालचा दिवस मला जड गेला. क्लिफर्ड मला न घेताच किनाऱ्यावर गेला. मी फळीवर. विसरला, की मुद्दाम ठेवून गेला? दुपार उलटली, होड्या आल्याचा आवाज झाला. आता नेव्हिलने काडी पेटवली असेल, असं सारखं मनात येत होतं.

तो आला तेव्हा बेरिल दारातच उभी होती.

"इकडं ये. जवळ ये." तिने त्याची कॉलर धरून वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"काय?"

"खेकडा. नुसता खेकडा."

"अगं, माझी ती वाफेची नळी घरीच राहिली," तो खिसे चाचपत म्हणाला. "दिवसभर आठवलीच नाही बघ."

वाचकहो, तुमच्या घरी कधी माझी एखादी बहीण आलीच, तर ज्याने आयुष्यात सिगारेट ओढली नाही त्याच्या हाती ती लागू देऊ नका. आमचं काम फक्त सिगारेटच्या तावडीतल्या माणसाशी, आणि तेही थोड्या दिवसांचं. ते झाल्यावर आम्ही खणात पडलो तरी चालेल. खणाची भीती मला अजून वाटते. पण क्लिफर्ड, उद्याही मला विसर.