खिडकीत ठेवलेले चार टायर

सकाळी शटर वर केलं की कॉम्प्रेसर सुरू करायच्याही आधी ताई खिडकीकडे जायची. दर्शनी काचेमागे, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या जागी, चार टायर एकमेकांना खेटून उभे होते. त्यांच्यावरून ती मऊ फडकं फिरवायची, मग बोटभर पॉलिश, मग पुन्हा कोरडं फडकं. अंगात ताप असला तरी हा नेम चुकायचा नाही. गिऱ्हाईकं विचारायची, "हे केवढ्याला दिले?" ताई हसून म्हणायची, "ते विकायचे नाहीत. ते कुणाचे तरी आहेत."

कुणाचे, ते फक्त फिटरमामांना ठाऊक होतं. मामा बाबांच्या काळापासून दुकानात होते. एरवी मामांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, पण या एका बाबतीत ते तोंड शिवून बसले होते.

त्या दुपारी दारात एक लाल, बुटकी, दोनच सीटची गाडी येऊन थांबली. आतून एक माणूस आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेला सगळा असा बाहेर आला. कानशिलं पांढरी झालेली, नाकावर चष्मा. मामांनी हातातला पाना खाली ठेवला.

"ताई, जरा बाहेर ये. धाकटे मालक आलेत."

भावाशी तिचं शेवटचं बोलणं आईच्या अखेरच्या आजारपणात झालं होतं, इस्पितळाच्या जिन्यात. तेही औषधांच्या पुढे सरकलं नव्हतं. दुकानाची पायरी तर तो भांडून गेल्यापासून चढलाच नव्हता.

"वाळलास," ती म्हणाली.

"तू मात्र नाही वाळलीस."

मामा खो खो हसले, आणि त्या हसण्याच्या आडोशाने दोघं आत आले.

काम असं होतं. रविवारी शहराबाहेरचा ट्रॅक सगळ्यांना खुला होता. ज्याने त्याने आपली गाडी आणायची आणि मनसोक्त पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. तरुणपणी राहून गेलेली हौस त्याला एकदा भागवायची होती. पण गाडी घेण्यातच खिसा रिकामा झालेला, खालचे टायर पार गोटा झालेले, आणि एका रिमेला चक्क तडा.

"स्वस्तात काय बसेल ते सांग," असं म्हणत त्याने फोन पुढे केला. "हे मनात भरलंय." पडद्यावर मोठाल्या काळ्या रिमा होत्या, कडेला सोनेरी रेघ.

"ह्या मिरवायला बऱ्या. रिम मोठी म्हणजे वजन वाढलं, आणि तिला लागणारे टायर महाग. ते दिवसभरात झिजवलेस की पुढच्या खेपेला गाडी घरी ठेवून तू एकटाच पळशील ट्रॅकवर."

"अगदी बाबांसारखी बोलतेस."

"बाबा इतकं गोड कुठे बोलायचे!" मामा म्हणाले.

लहान रिम घे म्हणण्यात तिचं म्हणणं खरं होतं, पण त्यात थोडा स्वार्थही होता. खिडकीतले टायर त्याच मापाचे होते.

मागच्या खोलीतून मामांनी जुन्या, करड्या रिमा काढल्या. दिसायला बापुडवाण्या, पण वजनाला हलक्या. ताईने एकेक मशीनवर फिरवून पाहिली. तिसरी डुलायला लागली.

"ही दुपारीच घेऊन बसलीय," मामा म्हणाले. ती बाजूला गेली, तिच्या जागी दुसरी आली. बोल्टची भोकं जुळतात का, रिम आतून ब्रेकला घासत नाही ना, हे ताईने स्वतः जमिनीवर बसून बघितलं. भावाने न सांगता टॉर्च धरला. पूर्वी बाबा असे बसायचे, टॉर्च ताईच्या हातात असायचा आणि हा मध्येमध्ये लुडबुडायचा.

"जरा डावीकडे धर, छोट्या," ती बोलून गेली. त्या नावाने त्याला हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. टॉर्च डावीकडे सरकला.

"आता टायर," तो म्हणाला. "साधेच दे. माझी ऐपत बघून."

ताईने हात पुसले. हा क्षण तिने मनात कितीदा तरी घडवून पाहिला होता. "टायर आहेत," ती म्हणाली. "तुझेच आहेत."

तो खिडकीपाशी वाकला. मऊ रबराचे, वळणावर रस्ता घट्ट धरणारे, खास ट्रॅकसाठीचे टायर. नक्षी कोरी, वरचे रबराचे बारीक केससुद्धा तसेच. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि कडेवरचा शिक्का वाचला. टायर कधी बनला ते त्यावर लिहिलेलं असतं.

"हे मी गेलो त्या वर्षीचे आहेत."

"हो."

"तू म्हणाली होतीस, आधी दुकानात बसायला शीक, मग गाड्या उडव."

"आणि तू म्हणालास, तुझं दुकान तुलाच लखलाभ."

"तेव्हा हे कुठे होते?"

"आत गोदामात. तुझ्या वाढदिवसाला द्यायचे होते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू आधी बोलशील म्हणून."

तो खाली बघत म्हणाला, "मला वाटत होतं, तू फोन करशील."

मामांनी उगाचच कॉम्प्रेसर लावला. मग पहिला टायर उचलून मशीनवर ठेवला. टायर रिमेवर चढवताना त्याची कड ताणावी लागते. मशीनचा दांडा फिरला, कड वाकली, आणि वाळक्या पानावर पाय पडावा तसा आवाज आला. मामांचा पाय पेडलवरून आपोआप उचलला गेला.

ताई पुढे झाली. चकाकीच्या खालून, नक्षीच्या खोबणीत, बारीक भेगा उघडल्या होत्या. तिने अंगठ्याचं नख दाबलं. मऊ रबरात रुतायला हवं होतं ते नख लाकडावरून घसरावं तसं घसरलं. दुसरा टायर पाहिला, तिसरा, चौथा. सगळे तसेच.

गिऱ्हाईकांना ती रोज सांगायची, नुसती नक्षी बघू नका, रबराचं वय बघा. टायर उन्हात ठेवू नका. आणि हे चार तिने मानाच्या जागी ठेवले होते, जिथे दिवसभर ऊन यायचं. रोज त्यांना हात लागत होता तिचा. पण नख कधी लावलं नव्हतं, शिक्का कधी वाचला नव्हता. वाचला असता तर अबोल्याचं वय मोजावं लागलं असतं.

"चालतील गं," भाऊ म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मी हळू चालवीन."

तिच्यासाठी तो खोटं बोलत होता. असली गाडी घेऊन कुणी हळू चालवायला जातं? नुसतं 'बरं' म्हटलं की झालं, देणं पोचलं असतं, इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असतं. 'बरं' तिच्या ओठापर्यंत आलंही.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्याच वळणाला रस्ता सोडतील."

"ताई, अगं—"

"नाही म्हटलं ना!"

आवाज त्या भांडणाच्या दिवशीचाच निघाला. तिचा तिलाच ऐकू आला. भावाने दाराकडे पाहिलं. ताईने पटकन त्याचं मनगट धरलं, आणि तो निघत नाही अशी खात्री होईपर्यंत सोडलं नाही.

बाद टायर भंगारात टाकण्याआधी त्याची कड चिरायची, म्हणजे कुणी उचलून गाडीला लावत नाही, असा बाबांचा दंडक होता. मामांनी सुरी काढली, पण चिरायला त्यांचा हात होईना.

"द्या इकडे," ताई म्हणाली. चारही तिनेच चिरले. रबर इतकं कडक झालं होतं की सुरी दोनदा अडकली.

मग रॅकवरचे साधे, स्वस्त, नुकतेच आलेले टायर चढले. ताईने त्यांचे शिक्के मोठ्याने वाचून दाखवले. करड्या रिमांवर ते अगदीच सामान्य दिसत होते.

"रविवारी येशील बघायला?" गाडीत शिरताना भावाने विचारलं.

"रविवारी दुकान..." तिने जीभ आवरली. "येईन."

त्याने मान हलवली. चावी फिरवायच्या आधी म्हणाला, "त्या वेळी दिले असतेस ना ताई, तर मी गेलोच नसतो." तक्रार नव्हती त्यात.

गाडी वळणाआड गेल्यावर ती खिडकीपाशी आली. चार जागी फरशी अजून नव्यासारखी होती, बाकीची उन्हाने विटलेली. सवयीने फडकं तिच्या हातात आलं होतं.

"मामा, या काचेला उद्या पडदा लावून घ्या."

"आता कशाला? आता तिथे काय आहे?"

"लावा तरी," ताई म्हणाली.