साडेसहाची पंगत

बाळासाहेबांची साखर उतरली त्याला दोन वर्षं झाली, पण त्या साखरेच्या गप्पा काही उतरल्या नाहीत. संध्याकाळी साडेसहानंतर अन्नाचा कण तोंडात घालत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही असा माणूस पिंपळवंडीत उरला नव्हता. डेअरीवर दूध घालायला आलेल्याला ते सांगायचे, दुखवट्याला गेले तर रडणाऱ्यालाही सांगायचे.

या साडेसहाचा भार वाहायला त्यांची बायको वैजयंती होती. पाचला चूल पेटवून ती नवऱ्याच्या ताटात तव्यावरची भाकरी टाकायची. मग गायींच्या धारा आणि डेअरी. आठला सासूबाईंचा मऊ भात. नऊला मुलगा स्वराज कामावरून आला की पुन्हा तवा चढायचा. साडेनऊला पातेल्यात जे काही उरलं असेल ते घेऊन ती जेवायला टेकायची. तोवर बाळासाहेब घोरत असायचे, कारण लवकर जेवणाऱ्याला झोपही म्हणे छान लागते.

माघ महिन्यात तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर तिची साखर नवऱ्याच्या जुन्या साखरेच्याही वर निघाली. गोळ्या लिहून देत डॉक्टरांनी बजावलं, की बाई, रात्रीचं जेवण सातच्या आत झालंच पाहिजे. भावकीतल्या जानकूचा पाय साखरेपायी घोट्यापासून काढलेला तिने पाहिला होता. तिने बसल्या जागी आपले पाय चाचपले. बाळासाहेब मात्र खुशीत होते.

"दोन वर्सं मी वरडतोय, डॉक्टर," ते म्हणाले. "पर हिला ऐकायचंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती खरंच नवऱ्याबरोबर सहाला ताट घेऊन बसली. दोन घास झाले आणि त्यांना मीठ हवं झालं. मग गरम भाकरी, मग लिंबाची फोड. चौथ्यांदा ती उठली तेव्हा गोठ्यात गाय हंबरली, आणि ती गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी तिने तो नाद सोडला. लवकर जेवायला आधी कुणीतरी वाढणारं लागतं, हे बाळासाहेबांच्या व्याख्यानात कधी आलंच नव्हतं.

चैत्रात गावचा सप्ताह बसला. कीर्तन संपल्यावर दहाला आमटी-भाकरीची पंगत, ही जुनी रीत. बाळासाहेबांनी कमिटीचा जीव खाऊन ती मोडली. पंगती पाचला सुरू होतील, साडेसहाला कढईवर झाकण पडेल आणि लगेच कीर्तन उभं राहील, असं त्यांनी स्वतः माईकवर जाहीर केलं. उशिरा खाल्लेलं अन्न म्हणजे विष, हेही सांगितलं. पुरुषांच्या तीन पंगती त्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने बसवल्या. बायांची पंगत कुठे बसवायची, असं कमिटीतल्या भगवंतने विचारलं, तर म्हणाले, "त्या घरच्याच हायेत राव. बसतील मागनं."

त्या गावात आमटी देवळापुढे कढईत शिजते आणि भाकऱ्या घरोघरच्या बाया टोपल्यांतून आणतात. पहिल्या दिवशी पाचला बाया टोपल्या घेऊन मांडवात आल्या. दरवर्षीच्या रीतीने त्या वाढप्यांच्या हवाली करून बाजूला उभं राहायचं होतं. वैजयंती उभी राहिली नाही. पहिल्या रांगेत मांडी घालून बसली आणि टोपली मांडीशी ओढली. तिची जाऊ उज्ज्वला तिच्याकडे बघतच राहिली, मग तीही शेजारी बसली. मग पलीकडच्या घरची इंद्रायणी, मग सगळी आळी. गावातल्या एकूण एक भाकऱ्या बायांच्या मांडीशी आणि वाढपी नुसत्या आमटीच्या बादल्या घेऊन उभे.

बाळासाहेब तरातरा आले आणि हे काय चाललंय म्हणून विचारू लागले.

"मागनं खाल्लेलं इख असतं," वैजयंती म्हणाली. "माईकवर तुमीच सांगितलं. मला पाय शाबूत ठेवायचेत माझे."

मग त्या जेवल्या. सावकाश, दोनदोनदा आमटी मागून घेत, कुणासाठी न उठता. वैजयंतीला तर आमटी एवढी तिखट असते हेच आठवेना, इतक्या वर्षांत तिने ती गरम खाल्लीच नव्हती. पंगत उठली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते आणि बुवांनी वीणा गळ्यात अडकवली होती. उरलेल्या भाकऱ्यांवर फडकं पडलं. पाचपन्नास पुरुष रिकाम्या पोटी टाळ्या वाजवायला बसले. कढई आता झाकून टाकायची का, असं भगवंतने भर मांडवात मोठ्यांदा विचारलं. बाळासाहेब टाळ शोधायला लागले.

कीर्तन साडेनऊला संपलं. पुरुष कढईवर तुटून पडले. खांबाआड, कुणाला दिसणार नाही अशा बेताने बाळासाहेबही पत्रावळ घेऊन बसले. वाढायला वैजयंतीच आली. त्यांनी एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"आमटी पार गार झालीय गं. भाकरी बी वातड."

"साडेनऊला अशीच असती," ती म्हणाली आणि पुढच्या पत्रावळीकडे गेली.