खाचेतला हात

मित्रांनो, ज्या हाताला बोटे नाहीत, नखे नाहीत आणि स्वतःची इच्छाही नाही, अशा एका जुन्या लोखंडी हाताची ही कहाणी आहे. तो हात म्हणजे मी. मेरीलँडमधील एका सरकारी गोदामात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, सध्या माझा मुक्काम आहे. ने-आण करताना हलू नये म्हणून माझे कोपर सुतळीने बांधून ठेवले आहे. मी हलेन अशी भीती कोणाला वाटावी, याचे मला नवल वाटते. कारण स्वतःच्या मनाने मी जन्मात कधी हललो नाही.

माझा जन्म व्हर्जिनियाच्या डोंगरात, एका लहानशा कारखान्यात झाला. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या दोन भावांनी मला घडविले. माझी रचना अगदी साधी. एक कडक पाटी असे, तीत मोठ्या माणसाची सही खोल कोरलेली असे. त्या पाटीला साचा म्हणत. माझे एक टोक त्या खाचेत बसे, दुसऱ्या टोकाला लेखणी आवळलेली असे. खालची पट्टी पायाने दाबली, की माझे टोक खाचेतून धावे आणि कागदावर हुबेहूब तीच सही उमटे. खाचेच्या डावीकडे जाणे नाही, उजवीकडे जाणे नाही. मध्येच थांबणे तर मुळीच नाही.

कारखान्यातून माझी रवानगी थेट राजधानीत झाली. राष्ट्राध्यक्षांच्या निवासाला लागून जी जुनी दगडी कचेरी आहे, तिच्या तळघरात मला जागा मिळाली. तेथे खिडकी नव्हती. परंतु त्या काळी मला तिची उणीव भासली नाही, कारण माझ्या हातून आनंद वाटला जात होता. शंभरी गाठलेल्या आजोबांना शुभेच्छा, नव्या बाळांना आशीर्वाद, बर्फात अडकलेल्या कुत्र्याला वाचविणाऱ्या शाळकरी मुलीला शाबासकी, अशा नाना कागदांवर मी राष्ट्राध्यक्षांची सही करीत असे. लोक ते कागद चौकटीत घालून दिवाणखान्यात लावीत. सही कोणी केली, हे कोणी विचारीत नसे.

माझी देखभाल व्हर्ना टॉलिव्हर या बाईंकडे होती. त्या नदीपलीकडच्या वस्तीतून येत, रविवारी चर्चमध्ये गात आणि दुपारी मक्याचा पाव खाताना त्याचा कण माझ्या खाचेत पडू नये म्हणून माझ्याकडे पाठ करून बसत. त्यांनी माझे नाव डीकन, म्हणजे चर्चमधला पाद्र्याचा मदतनीस, असे ठेवले होते. कोणी कारण विचारले तर त्या म्हणत, "आमच्या चर्चचा डीकन असाच आहे. समोर काहीही ठेवा, मान डोलावतो."

राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले. प्रत्येकाचा साचा निराळा. जुना मनुष्य गेला, की व्हर्नाबाई त्याचा साचा हातोडीने फोडीत. तशी तेथील रीतच होती. मग एके वर्षी ग्रेडी नावाचे गृहस्थ निवडून आले. हे नेब्रास्काचे वकील. ज्यांना वकील परवडत नाही अशांचे खटले त्यांनी जन्मभर लढविले होते. त्या सुमारास देशात एक कायदा होता. दहशतवादाच्या संशयावरून धरलेल्या परक्या माणसास खटल्याविना कितीही काळ कैदेत ठेवण्याची मुभा तो सरकारला देई. असे कैदी दूरच्या एका बेटावर ठेवलेले होते. ग्रेडी गावोगावी एकच वाक्य बोलत फिरले होते, "आरोप ठेवा, नाहीतर सोडा." त्या वाक्यावर लोकांनी त्यांना निवडून दिले.

साच्यासाठी नमुन्याच्या सह्या द्यावयास ते स्वतः तळघरात उतरले. त्यापूर्वी कोणी राष्ट्राध्यक्ष तेथे आलेला मी पाहिला नव्हता.

"हाच का माझा दुसरा हात?" त्यांनी विचारले.

"हाच, मिस्टर प्रेसिडेंट. पगार मागत नाही, सुट्टी मागत नाही," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"मग मंत्रिमंडळातच घेऊ या की याला." ते हसले आणि माझ्या थंड मनगटावर त्यांनी आपला उबदार पंजा ठेवला. नंतर हळू आवाजात म्हणाले, "मिस टॉलिव्हर, एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाढदिवसाची पत्रं याला द्या, फोटो द्या. पण ज्या कागदानं एखादा माणूस कोंडला जातो, तो याच्यापुढं कधी ठेवायचा नाही. तसला कागद मी माझ्या हातानं सोसला पाहिजे."

मित्रांनो, ते शब्द ऐकून माझ्या साऱ्या स्प्रिंगा जणू ताठ झाल्या. एवढा सन्मान मला कोणी दिला नव्हता.

आता वफा अल-मतरी या बाईंविषयी सांगितले पाहिजे. त्या न्यूयॉर्क राज्याच्या पार टोकाला, लॅकवाना या गावी राहत आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करीत. अजून येमेनचाच नागरिक असलेला त्यांचा धाकटा भाऊ नबील स्वतःचे लग्न ठरविण्यासाठी येमेनला गेला असता तेथून धरला गेला होता आणि त्या बेटावर कैदेत होता. सरकारच्याच चौकशी मंडळाने लिहून दिले होते, की याच्यावर आरोप ठेवण्याजोगे काही सापडत नाही. तरी तो आतच होता. कारण त्याच मंडळाने पुढे असेही लिहिले होते, की याला सोडणे सुरक्षित ठरेल असे सांगता येत नाही.

वफाबाई ग्रेडींना पत्रे लिहीत. पत्रांना उत्तर देणारी एक निराळी शाखा होती. तिथून ठरलेला मजकूर छापून येई: "आपले पत्र मी स्वतः वाचले. आपल्या भावाचा विचार माझ्या मनात सदैव आहे." मजकूर गोड होता. तो कोणाला कोंडणारा नव्हता. म्हणून तो माझ्यापुढे येई, व्हर्नाबाई पट्टी दाबीत आणि मी सही करी. असे अनेक वर्षे चालले.

त्या खटल्याविना कैदेच्या कायद्याची मुदत ठरावीक काळाने संपे आणि संसद ती वाढवून देई. आपल्या कारकिर्दीत ती मुदत संपू द्यावयाची, असा ग्रेडींचा निश्चय होता. तसे झाले असते तर प्रत्येक कैद्यावर एकतर आरोप ठेवावा लागला असता किंवा त्याला सोडावे लागले असते. नबीलही सुटला असता. व्हर्नाबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाभोवती पेन्सिलीने गोल काढून ठेवला होता.

परंतु तो दिवस उजाडण्याच्या आदल्याच आठवड्यात बॉल्टिमोरच्या बंदरात, प्रवासी बोटीच्या धक्क्यावर बॉम्ब फुटला. माणसे मेली. ज्यांनी मुदत संपू द्या म्हणून भाषणे केली होती, तेच सभासद आता मुदत वाढवा म्हणून ओरडू लागले. संसदेत वाद लांबला आणि अखेर कायदा मंजूर झाला तो शेवटच्या दिवशी दुपारी. त्या वेळी ग्रेडी फिनलंडमध्ये परिषदेस गेलेले होते. कागद विमानाने धाडला तरी मुदतीपूर्वी पोचणे शक्य नव्हते.

कायदेशीर सल्लागार काल्डर हे तरुण गृहस्थ कागद छातीशी धरून धापा टाकत तळघरात आले. व्हर्नाबाईंनी कागदावरचे शीर्षक वाचले आणि तो परत त्यांच्या हातात दिला.

"हा इथला नाही, बेटा. वर घेऊन जा."

"वर सही करायला कोण आहे? साहेब तिकडे आहेत. यंत्राची सही कायद्याला चालते, मी सगळं तपासलंय."

"कायद्याला चालेल. त्यांना चालत नाही. याच खोलीत उभं राहून सांगितलंय त्यांनी मला."

काल्डरांनी टेबलावरचा फोन उचलला, जोडणी मागितली आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असे बटण दाबले. थोड्या वेळाने समुद्रापलीकडून ग्रेडींचा स्वर आला. तो मी लगेच ओळखला. मात्र त्यातील ऊब गेली होती.

"काल्डर, सही नाही झाली तर?"

"तर आजपासून त्यांना ठेवायचा अधिकार संपतो, सर. त्यात बंदरांवरच्या हल्ल्यांची आखणी करणारेही आहेत. त्यांच्यावर खटला उभा राहत नाही, कारण पुरावे मारझोड करून मिळवलेले. न्यायाधीश ते फेकून देतील."

"आणि ज्यांनी काहीच केलं नाही?"

"ते पण त्याच कायद्याखाली आहेत. वेगळे काढायला संसद कलम देत नाही. हा कायदा अख्खा घ्यायचा किंवा अख्खा सोडायचा."

"मी तेच म्हणत आलो. सोडायचा."

"बॉल्टिमोरच्या आधी म्हणत होता, सर. उद्या यातल्या एकानं दुसरा धक्का उडवला तर बेट बंद करायचं नाव पुढं कोणी काढणार नाही. तुमचं बाकीचं सगळं काम वाहून जाईल. आज सही करा, हरकत लेखी नोंदवा. पुढच्या खेपेला लढू."

फोनवर मागे कुठेतरी काट्याचमच्यांचे आवाज येत होते. तिकडे जेवण चालले असावे.

"मिस टॉलिव्हर आहेत का तिथं?"

"आहे मी."

"मी तुम्हांला काही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"ते मी मोडतोय."

"मिस्टर प्रेसिडेंट, पट्टीवर पाय माझा असतो," व्हर्नाबाई म्हणाल्या. "हा मुलगा सांगतोय म्हणून मी तो दाबणार नाही. तुम्ही स्वतः तोंडानं म्हणा."

मग ते म्हणाले, "करा, मिस टॉलिव्हर."

मित्रांनो, कागद माझ्याखाली सरकविण्यात आला. त्या क्षणी माझी काय अवस्था झाली, ती कोणत्या शब्दांत सांगू? एखादी स्प्रिंग तुटावी, शाई सुकावी, खाचेत मक्याच्या पावाचा एखादा कण अडकावा, असे मला वाटले. पण व्हर्नाबाईंनी मला फार निगुतीने जपले होते. मी निर्दोष चाललो. सही उमटली, तशीच गोलाईदार, तशीच प्रसन्न, जशी मी बाळांच्या आशीर्वादपत्रावर करीत असे. काल्डरांनी त्यावर फुंकर घातली आणि ते धावत वर गेले. व्हर्नाबाई बराच वेळ पट्टीवरून पाय न काढता बसून राहिल्या.

परदेशातून परतल्यावर ग्रेडी तळघरात आले. एकटेच. त्यांनी त्या कायद्याच्या सहीची प्रत पुढे धरली.

"माझ्यापेक्षा याची सही झकास येते."

"त्याला विचार करावा लागत नाही ना," व्हर्नाबाई म्हणाल्या.

ते खुर्चीवर बसले. "मी तिथं असतो तरीसुद्धा केली असती, मिस टॉलिव्हर. हातानं केली असती, एवढंच."

"असेल. पण मग लॅकवानाच्या त्या बाईला कोणावर रागवायचं ते तरी कळलं असतं."

"कुठली बाई?"

तेव्हा त्यांना वफाबाईंविषयी प्रथम कळले. आपल्या नावाने गेलेली सारी उत्तरे त्यांनी मागवून घेतली आणि माझ्याच टेबलावर एकेक वाचली. सर्वांवर मी. एकाही सहीत केसाचा फरक नव्हता. त्यांनी ती सारखी रचून ठेवली आणि जिना चढून गेले.

पुढील खेप आली. ती लढाई ते लढले नाहीत. संसदेला त्यांच्याकडून सही हवी होती, त्यांना संसदेकडून दवाखान्यांचा कायदा हवा होता. बेटाची बोलणी मागे पडली. काही कैदी परक्या देशांनी घेतले. येमेनमध्ये युद्ध पेटलेले असल्यामुळे तिकडच्या माणसास घ्यावयास कोणी राजी नव्हते. नबील राहिला.

कारकिर्दीच्या अखेरच्या आठवड्यात ग्रेडींनी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहिले आणि पाकीट घेऊन तळघरात आले. "हे टपालात टाका. पण त्या शाखेकडं जाऊ देऊ नका," ते व्हर्नाबाईंना म्हणाले. मग पाकीट उघडेच ठेवून म्हणाले, "वाचा." व्हर्नाबाईंनी ते हलक्या आवाजात वाचले, म्हणून मलाही ऐकू आले. त्यात असे होते: "तुमच्या भावाला मी सोडवू शकलो असतो. त्याची किंमत मोठी होती आणि ती मोजायला मी तयार झालो नाही. त्याने काही केलेले नाही, हे मला माहीत होते." खाली सही होती. वाकडी, थरथरलेली, शेवटी घसरलेली. मी तिला ओळखले नाही.

ग्रेडी गेले. त्यांचा साचा फोडण्यासाठी व्हर्नाबाईंनी हातोडी काढली, तोच फोन वाजला. हातात हातोडी असल्यामुळे त्यांनी तो आवाज खोलीभर ऐकू येण्याचे बटण दाबून घेतला. वफाबाई होत्या. बोलताना त्यांना धाप लागली होती.

"मॅम, तुमच्या कचेरीच्या नावानं कोणीतरी खोटं पत्र पाठवलंय मला. फार वाईट लिहिलंय. तुम्ही पोलिसांना कळवा."

"खोटं कशावरून, बाळ?"

"सही जुळत नाही. माझ्याकडं त्यांची सगळी पत्रं आहेत. लावून बघितलं मी, शेजारच्यांनाही दाखवलं. आणि ते असं लिहिणार नाहीत. ते तर म्हणायचे, की नबीलचा विचार सदैव मनात असतो."

व्हर्नाबाईंनी हातोडी खाली ठेवली. "बाळ, नीट ऐक. त्यांची सही हीच. आधीच्या सगळ्या या यंत्राच्या. पट्टी मी दाबली."

"म्हणजे आधीचं जे लिहिलं होतं, ते कोण म्हणत होतं?"

"कोणी नाही."

पलीकडे शाळेच्या स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज येत राहिला. मग वफाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "त्यातलं एक मी नबीलला पाठवलं होतं. त्यानं ते कोठडीच्या भिंतीला लावलंय. रोज उठून त्या सहीकडं बघतो म्हणे. आता त्याला मी काय सांगू, मॅम?"

फोन कोणी आधी ठेवला, ते मला कळले नाही. साचा मात्र त्यांनी त्या दिवशी फोडला नाही. तो दुसऱ्या कोणीतरी फोडला. पुढे नवी यंत्रे आली आणि मी या गोदामात येऊन पडलो.

मित्रांनो, गंजण्याचे मला दुःख नाही. परंतु मी येथे बांधलेला असताना माझी सही तिकडे बेटावर एका भिंतीला चिकटलेली आहे, आणि एक निरपराध माणूस तिच्याकडे पाहून दिवस काढीत आहे. ती मला पुसता येत नाही, कारण पुसण्याची खाच कोणी कोरलेली नाही. मला तेल द्या, काचेत ठेवा, असे मी म्हणत नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कोणी अधिकारीही व्हाल. तेव्हा ज्या कागदाने कोणी कोंडला जाईल, किंवा ज्या कागदाच्या भरवशावर कोणी वाट पाहत बसेल, तो कागद माझ्यासारख्याच्या पुढे सरकवू नका. स्वतः लेखणी धरा. हात थरथरेल. थरथरू द्या.