गुडघ्याजवळचा कोपरा

अक्षतानं शेवटचा पट्टा ओढून बसवला आणि वडिलांच्या गुडघ्याजवळच्या पोलादी पट्टीवरून बोट फिरवलं. बोट कुठेच अडखळलं नाही.

लहानपणी पोलिओनं लुळ्या पडलेल्या त्या पायाला सुखदेवराव जन्मभर कॅलिपर बांधत आले होते, आणि कॅलिपरची पट्टी जन्मभर एकाच जागी मोडत आली होती. गुडघ्याच्या सांध्याखाली, जिथे ती काटकोनात एकदम अरुंद व्हायची, तिथे. दर खेपेला नवी पट्टी आणखी जाड यायची आणि इमानानं तिथेच मोडायची. गेल्या वेळी भर रस्त्यात मोडली. तेव्हापासून ते जिना उतरलेच नव्हते.

यंत्रांच्या भागांना आकार देणं हे अक्षताचं रोजचं काम. पावलागणिक येणारा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो, हे तिला पट्टी पाहताच कळलं होतं. तिनं कोपराच काढून टाकला. तिथे लांब, संथ वळण दिलं.

"अगं, ही तर पहिलीपेक्षा बारीक," सुखदेवराव म्हणाले. "लोखंड संपलं होतं का?"

"बाबा, मशीनवर रात्रंदिवस वाकवून पाहिलीय. तुम्ही जन्मभर चाललात तरी मोडायची नाही."

"जन्मभराचं राहू दे. कालव्यापर्यंत पोचवलं तरी पुरे."

कर्वेनगरातला कालव्याकाठचा रस्ता अजून अर्धवट झोपेत होता. झाडांतून गाळून आलेलं ऊन पाण्यावर हलत होतं, रस्त्यावरही हलत होतं, आणि आपण चालतोय की तरंगतोय हे अक्षताला कळेना. ती त्यांच्या कोपराएवढी होती तेव्हापासून पट्टीचा भरवसा नाही म्हणून त्यांचा हात तिच्या डाव्या खांद्यावर असायचा. आजही तो सवयीनं उचलला गेला, क्षणभर थांबला आणि खाली आला. ते एकटेच पुढे निघाले. टक्, टक्, टक्. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

वळणावर थांबून त्यांनी मागे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"अक्षता, अशी काय चालतेस?"

"कशी?"

तिनं आपल्या सावलीकडे पाहिलं. डावा खांदा खाली झुकलेला होता. तिनं तो सरळ केला. दोन पावलांत तो पुन्हा झुकला.

"आता याचं काय करायचं, इंजिनिअरबाई?"

तिला हसू आलं. सुखदेवराव टक्, टक् करत परत आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आज त्या हाताला वजनच नव्हतं. दोघं तसेच पुढच्या वळणापर्यंत चालत गेले.