न वाळलेला पाळणा

मिस्त्रींच्या कामात घाई कुणी करायची नाही, असा रिवाजच पडून गेला होता. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, मिस्त्री म्हणतील तेव्हाच व्हार्निश वाळलं असं समजायचं आणि मुकाट्याने घरी जायचं. या नावाच्या जोरावर मिस्त्रींनी स्वतःच्या नातीच्या पाळण्याचं काम खुशाल लांबवत ठेवलं होतं, आणि कुणाला संशयही आला नव्हता. निदान त्यांना तसं वाटत होतं.

त्याचं असं झालं. जावयाला पार समुद्रापलीकडे नोकरी लागली. तो पुढे गेला, आणि लेक तान्ह्या पोरीला घेऊन आईबापांकडे राहायला आली. आल्या आल्या म्हणाली की बाबांच्या हातचा पाळणा घेतल्याशिवाय काही मी जात नाही. लाडाने म्हणाली हो, पोरी म्हणतात तसं. मिस्त्रींनी मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पाळणा होत नाही तोवर मायलेकी जात नाहीत, एवढा साधा हिशोब. खुळा हिशोब, पण बापाचं डोकं अशा वेळी ठिकाणावर असतं थोडंच.

मग काय, व्हार्निशचा एक हात द्यायचा, तो वाळला की कपाळाला आठ्या घालून म्हणायचं, छे, मनासारखी चकाकी नाही आली. की लगेच पॉलिश पेपर घेऊन सगळं घासून काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कुणी बघायला आलं की चोरी उघडी पडेल, म्हणून दिवसभर कारखान्याचं दार लावून आत. बायको जेवायला हाक मारायची, तर ताट इकडेच पाठव म्हणायचे. नात खुदकन हसायला लागली, ते त्यांना भिंतीआडून ऐकू आलं. ब्रश हातात धरून जरा वेळ ऐकत उभे राहिले, नि परत कामाला लागले.

आणि मग थंडी पडली. थंडी म्हणजे अशी की कारखान्यात बोललं तर तोंडातून वाफ निघावी, आणि व्हार्निश इतकं घट्ट की ब्रश ओढता ओढता मनगट भरून यावं. नेमकं त्याच आठवड्यात लेकीने सांगितलं, तिकीट आता पक्कं, यापुढे बदलायचं नाही. मिस्त्रींच्या तोंडचं पाणीच पळालं. मायलेकी राहत नाहीत तर नाही, पण पाळणा तरी त्यांच्याबरोबर गेलाच पाहिजे. तिकडे परक्या मुलखात नात निजेल ती आपण घडवलेल्या लाकडात, एवढं तरी पदरात पडावं.

जन्मभर दुसऱ्यांना धीर धरायला सांगणारा हा माणूस, त्याने खालचा हात ओला असतानाच वर दुसरा चढवला. डबा गरम पाण्यात ठेवला, घरातला हीटर उचलून पाळण्यासमोर आणून लावला. वर दुधावर धरते तशी साय धरली, चकाकलीही झकास, आणि आतून सगळं चिकट ते चिकट. बोट टेकलं की साय सुरकुतायची. खरवडावं तर वेळ नाही, ठेवावं तर वाळायचं नाव नाही. कुणाला विचारावं, तर असं काही बिघडलं की लोक त्यांनाच विचारायला यायचे. मिस्त्री नुसते पाळण्याभोवती फेऱ्या मारत राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली. पोरीला शालीत गुंडाळून लेक कारखान्यात आली. मिस्त्रींनी सुरुवात केली. थंडीच अशी पडली, त्यात डबा जुना निघाला, आठवडाभर ऊन मिळतं तर बघायला नको होतं. तिने सगळं बोलू दिलं.

"राहू द्या बाबा," मग ती म्हणाली. "तिकीट मी दोनदा बदललंय."

मिस्त्रींनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"पहिल्यांदा सगळं घासून काढलंत, तो आवाज आला ना, तेव्हाच मला कळलं तुमचं काय चाललंय ते. म्हटलं चालू दे. आजोबांना नात चार दिवस जास्त मिळेल. ह्यांच्याशी भांडले त्यापायी." तिने पोरीची शाल सारखी केली. "आणि तुम्ही घरात आलाच नाहीत."

हवं होतं ते सगळं मिस्त्रींना मिळालं होतं, एकदा नाही, दोनदा. आणि ते दिवस त्यांनी या बंद दारामागे लाकूड घासण्यात घालवले होते.

लेकीने पोर पुढे केली. मिस्त्रींनी हात पसरले आणि ते तसेच राहिले, कारण कोपरापर्यंत व्हार्निश होतं. त्यांनी चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि हात पुसायला लागले, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना, जमेल तितक्या घाईने. पुसावं तितका वास वाढत गेला. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"झालंच, झालंच," मिस्त्री म्हणत होते. "एकच मिनिट थांब."

लेक थांबली होती. पण झोपेतच पोरीने नाक मुरडलं, ती खोकली आणि रडायला लागली. लेकीने तिला पुन्हा खांद्याशी घेतलं आणि ती दाराबाहेर मोकळ्या हवेत जाऊन उभी राहिली.