तोंडात कुणी बघितलं?

घोडी गवत घ्यायची, पण गिळायची नाही. तोंडात घोळवून घोळवून हिरवट बोळे खाली टाकायची. दोन महिन्यांत बरगड्या मोजता याव्यात इतकी वाळली. लगाम ओढला की मान झटकायची. गेल्या आठवड्यात तिनं घोडेस्वारी शिकायला आलेल्या एका बाईंना पाडलं, आणि मालकानं ठरवूनच टाकलं: म्हातारी झाली, डोकं फिरलंय, काढून टाकायची.

सकाळी न्यायला गाडी आली, तेव्हा घोडीच्या खोलीला कुलूप होतं. दारापुढे बादली घेऊन मालकाची धाकटी बहीण बसली होती. वीस वर्षं तबेल्यातलं चारापाणी तिच्याकडे होतं. निर्णय मात्र दादाचे.

"चावी दे," दादा म्हणाला.

"देत नाही."

"चिमे, तमाशा नको. गाडीवाला खोळंबलाय."

"खोळंबू दे. आधी हे बघ." तिनं बादली त्याच्या पायाशी उपडी केली. चघळलेल्या गवताचे बोळे घरंगळले. "हे कालच्या एका दिवसाचे. भूक आहे रे तिला, चावता येत नाहीये."

"डॉक्टरांनी रक्त तपासलंय. काही निघालं नाही."

"तोंडात कुणी बघितलं?"

दादाचा आवाज चढला. "तबेला माझा आहे!"

"असेल. दात तिचे आहेत."

गाडीवाल्याला हसू फुटलं. दादानं डोळे वटारले तसा तो टायर तपासायला लागला.

घोड्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना चिमीनं आदल्या दिवशीच फोन केला होता. त्या आल्या, गुंगीचं इंजेक्शन दिलं, जबडा उघडा राहील अशी लोखंडी चौकट बसवली आणि दादाला म्हणाल्या, "वरच्या दाढांवरून बोट फिरवा. बाहेरच्या कडेनं."

दादानं हात घातला आणि चटकन मागे घेतला. बोटावर ओरखडा उठला होता.

"गाल आतून सोलवटलाय. लगाम ओढला की गाल या धारदार कडांवर घासतो. चिडेल नाही तर काय करेल?"

तासभर दातांवर कानस चालली. एक किडकी दाढ तर नुसती हलवली तशी हातात आली. घाण वासानं दादा दोन पावलं मागे सरला. मग त्यानं गाडीवाल्याला हातानंच जा म्हणून खुणावलं.

चौथ्या दिवशी जमिनीवर एकही बोळा नव्हता. मात्र लांब गवत आता तिला कायमचं बंद; भिजवलेला चाराच द्यायचा, असं बाईंनी बजावलं होतं.

आठव्या दिवशी दादा लगाम घेऊन आला. "सोमवारपासून शिकवणीला घेऊ हिला."

"नाही. गालाची जखम भरेपर्यंत तोंडात लोखंड जाणार नाही."

"किती दिवस?"

"बाई सांगतील तितके. गुरुवारी येतायत. बाकीच्या नऊ घोड्यांचीही तोंडं बघायला सांगितलंय मी."

"मला न विचारता?"

"हो, न विचारता," चिमी म्हणाली आणि त्याच्या हातातून लगाम काढून घेतला.