वाळा की चंदन

दौंडला चुलतबहिणीचा साखरपुडा होता आणि मला धडकी भरली होती. मागच्या खेपेला सतरंजीवर माझ्याशेजारी बसलेली बाई नाकाला पदर लावून हळूच सरकली होती. कवठे येमाईला मेंढरांच्या घरात दिलेली मी, अंगाला वास येणारच. पण तो आपला आपल्याला येत नाही, हीच तर पंचाईत.

म्हणून शिरूरच्या बाजारातून अत्तराच्या दोन कुप्या आणल्या, करंगळीएवढ्या. एक वाळ्याची, एक चंदनाची. दोन्ही अत्तरं इतकी मंद, की मनगट नाकाशी नेल्याशिवाय पत्ता लागू नये. मला तसंच हवं होतं. घमघमाट केला तर बायका म्हणणार, ही काहीतरी झाकतेय. अत्तरवाला म्हणाला, "ताई, अंगावर मुरू द्या, मग ठरवा. नको ती परत आणा." डाव्या मनगटाला वाळा लावला, उजव्याला चंदन, आणि वेड्यासारखी सारखे हात हुंगत बसले. सकाळी बरा वाटलेला वाळा दुपारी ओल्या पोत्यासारखा वाटायला लागला. चंदन छान होतं, पण ते माझं वाटेना. काही केल्या ठरेना.

तेवढ्यात गोठ्यात मेंढी व्याली. सासूबाई मळ्यात गेलेल्या. कोकरू अंगभर चिकट, थरथरत होतं. मी पडले दौंडची शहाणी! हातांनी, पदराने त्याला स्वच्छ पुसून काढलं आणि कौतुकाने आईपुढे ठेवलं. मेंढीने हुंगलं आणि अशी धडक दिली की बिचारं लांब जाऊन पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा धडक.

सासूबाई आल्या. कोकरू उचलून नाकाशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"प्रतिभा, काय लावलंस गं हाताला?"

मी हात मागे लपवले. "अत्तर, आत्याबाई."

"आन् तिनं चाटायच्या आदीच पुसलंस व्हय? आता तिनं वळखावं तरी कसं?"

त्यांनी मेंढीचा चीक काढून कोकराच्या अंगाला चोळला. तरी मेंढी मान फिरवूनच उभी. उरलेला चीक वाटीतून पाजायला गेल्या, तर कोकरू तोंड उघडेना.

"ह्यो पोटात गेला न्हाई, तर ह्ये जगत न्हाई."

मला रडूच फुटलं. माझ्या नटण्यापायी एक जीव चालला होता.

"रडू नगं. तू बघ पाजून."

मी डाव्या हाताची बोटं चिकात बुडवून पुढे केली. त्याने मान वळवली. मग उजवा हात केला. ओलं नाक मनगटावर टेकलं, तिथेच घुटमळलं, आणि ते माझं बोट लुचायला लागलं.

सासूबाई बघत राहिल्या. "झालीस बाई आई," त्या म्हणाल्या. "आता रोज त्योच वास लाव. न्हाईतर तू त्याला घावायची न्हाईस."

दौंडला निरोप धाडला, येत नाही म्हणून. मग चंदनाची कुपी उजेडात धरली. कोकरू चरायला लागेपर्यंत पाजायचं, आणि अत्तर तर एवढंसं. तो अत्तरवाला पुढच्या बाजाराला आलाच नाही, तर मी काय करू?